दहा वर्षांचं तूप

१७ फेब्रुवारी १९५८, सोमवार. जिंतूर

दगडाबाई आली होती. सात कोस चालून आली आणि ओसरीखालीच बसली. वर ये म्हटलं तरी येईना. येलदरीला पूर्णेवर धरण होणार आणि त्यात आमचं जुनं गाव बुडणार, हे मी नांदेडच्या साप्ताहिकाला चार वेळा कळवलंय. पाचव्यांदा कळवलं तर संपादक मलाच बुडवतील. ज्याची जमीन पाण्यात जाईल त्याला सरकार दुसरीकडे जमीन देणार आहे. त्याची यादी करायला साहेब एप्रिलात गावात येऊन बसणार. दगडाबाईची आठ एकर आहे. म्हणजे होती. कागदावर मात्र ती तिच्या चुलतदिराची, लिंबाजीची. अठ्ठेचाळीस साली वाटणी होऊन तिचा नवरा आश्रुबा वेगळा झाला, त्याची नोंद गावच्या दफ्तरात झाली, आणि पंधरा दिवसांत रझाकारांनी चावडी पेटवली. दफ्तर गेलं. पुढं आश्रुबाही तापानं गेला. बाईजवळ उरलाय एक कागद, त्या नोंदीची नक्कल, मोडीत, बन्सीधरच्या हातची.

बन्सीधर माझा पुतण्या. अण्णा गावचे पटवारी, आणि तो बापाच्या हाताखाली लिहायला. त्याच धामधुमीत बेपत्ता झाला. बावीस वर्षांचा होता.

म्हणजे ही नक्कल खरी की खोटी, हे सांगणारा माणूस आता जगात एकच, आमचे अण्णा. ते तिच्यासमोर सुपारी कातरत बसले होते. बाईनं हात जोडले.

"मालक, येवढं सायबाफुडं येऊन सांगा. बाकी कायबी नगं."

"तू कोणाची गं?"

"आश्रुबाची."

"कोण आश्रुबा?"

तिनं त्यांच्याकडे बघत बघत कागद पदराच्या टोकाला बांधला. मग "असू द्या, मालक" म्हणाली आणि उठली. वहिनींनी तिला वाटेत खायला भाकरी बांधून दिली.

१८ फेब्रुवारी

अण्णांचं हे तीन वर्षं चाललंय. १९३० साली कोणत्या शेताच्या कोणत्या बांधावर कशाचं झाड होतं ते विचारा, फांद्यांसकट सांगतील. परवा मी एक श्लोक म्हणताना चरण खाल्ला, तर सुपारीवरची नजर न काढता त्यांनी तो पुरा केला. मी पैठणच्या पाठशाळेत अकरा वर्षं घासलेला, आणि ते आयुष्यभर फक्त सातबारा घोकलेले. पण अठ्ठेचाळीस सालाचं नाव काढलं की कोरी पाटी. स्मृतीच्या पोथीला कसर लागली तर ती नेमकी तेवढीच पानं कशी खाते, हे मला उमगत नाही.

आणि रोज दिवेलागणीला एक प्रश्न. वहिनी तुळशीपाशी दिवा ठेवून आत वळल्या की अण्णा विचारतात, "बन्सीचं पत्र आलं का?" वहिनी म्हणतात, "येईल."

आता ते येतंही. तीन वर्षांपूर्वी वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून, माझ्याकडे न बघता सांगितलं, भावजी, तुम्ही एवढं पेपरात लिहिता, महिन्याला एक पत्र त्यांच्यासाठी लिहा. तेव्हापासून बन्सीधर हैदराबादेत एका कचेरीत नोकरीला आहे. खाणावळीतलं वरण पातळ असतं, मुशी नदीवरचे डास मोठे असतात, बाकी सर्व क्षेम. अक्षर मी बदलतो. वहिनी वाचून दाखवतात, अण्णा डोळे मिटून ऐकतात. एकदा म्हणाले, "पोराचं संस्कृत बरंच सुधारलं." मला आतून गुदगुल्या झाल्या, हे इथं खासगीत कबूल करतो.

शेजारणींनी विचारलं की वहिनी त्यांनाही तेच सांगतात. घरात एक आणि ओट्यावर दुसरं, असं कोण किती दिवस सांभाळणार.

२४ फेब्रुवारी

ठरवलं. ब्राह्मीघृत करणार.

ग्रंथांत स्मृतिभ्रंशावर आणि मनाच्या तापावर इतके उपाय आहेत की पूर्वीची माणसं दुसरं काही करत होती की नुसतीच विसरत होती, अशी शंका येते. ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी, आणि हे सगळं तुपात सिद्ध करायचं. अत्तारचाचांच्या दुकानी गेलो. त्यांनी वेखंड तोलता तोलता विचारलं, कशासाठी. सांगितलं. म्हणाले, "पंडितजी, बनलं तर मला बी द्या थोडं. कोन्त्या डब्यात काय हाय तेच याद राह्यना." आणि मला वेखंडाऐवजी सुंठ बांधून दिली. विनोद होता की नमुना, कळलं नाही.

अडचण तुपाची आहे. ताजं तूप चालेल, पण खरा गुण जुन्याला. दहा वर्षांचं हवं, लाखेच्या रंगाचं, उग्र वासाचं.

असं तूप पंचक्रोशीत एकाच घरात आहे, आणि मी त्याच घरात राहतो. अठ्ठेचाळीसच्या मार्गशीर्षात बन्सीधरचं लग्न ठरलं होतं. वहिनींनी त्या उन्हाळ्यापासून तूप साठवून गाडगं भरलं, तोंडाला फडकं बांधून वर कणकेनं लिंपलं. भाद्रपदात अण्णा आणि बन्सीला मागे ठेवून सगळे वाशीमकडे, निजामाच्या हद्दीबाहेर, जीव घेऊन गेले तेव्हा गाडगं गोठ्यात पुरून गेले. परत आल्यावर उकरून काढलं. ते इथं माळ्यावर आहे. लग्न राहिलं, तूप मुरलं. वैद्यकाच्या बाजूनं पाहता हा लाभच.

दुपारी जेवताना विषय काढला. वहिनी वाढत होत्या. पळी तशीच हातात राहिली.

१ मार्च

वहिनी अजून गप्प आहेत. मी एकदा वेळ बघून सांगितलं की दगडाबाईचा सगळा आधार अण्णांच्या आठवणीवर आहे, आणि तारीख जवळ येतेय. म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला खरंच वाटतं, त्यांना आठवावं?"

मी म्हणालो, स्मृतीहून मोठं धन कोणतं. त्या धुणं घेऊन मागे गेल्या.

मी अठ्ठेचाळीस साली इथं नव्हतो. सत्याग्रही म्हणून हैदराबादच्या तुरुंगात होतो. सुटून आलो तेव्हा घर जिंतूरला आलं होतं, अण्णा एकटेच गावाहून परतलेले होते, आणि बन्सी कुठाय असं विचारलं की म्हणत, तो दुसऱ्या वाटेनं निघाला. कोणती दुसरी वाट, ते कधी सांगितलं नाही. शास्त्र म्हणतं, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघा, मग क्रियाकर्म करा. नवा कायदा म्हणतो सात वर्षं. या हिशेबानं बन्सी तीन वर्षांपूर्वी सरकारसाठी मेला आणि देवासाठी अजून दोन वर्षं जिवंत आहे. मधल्या काळात तो माझ्या पत्रांत राहतो.

६ मार्च, गुरुवार

काल होळी झाली. आज सकाळी उठलो तर गाडगं चुलीपाशी. कणकेचं लिंपण फोडलेलं, फडकं सोडलेलं. वहिनी नाहून, ओलेत्यानंच बसल्या होत्या.

"घ्या," म्हणाल्या. "किती लागेल तेवढं घ्या."

ग्रंथात लिहिलंय ते अक्षरशः खरं. रंग लाखेचा. वास असा की मांजर आलं, हुंगलं आणि अदबीनं मागे सरलं. मी आनंदानं वहिनींना हे सगळं समजावून सांगू लागलो. त्या माझ्याकडे कशा पाहत होत्या ते आता लिहिताना आठवतंय. तेव्हा लक्ष गेलं नाही.

९ मार्च

तीन दिवस चूल माझी. विहिरीच्या पाटाकडेची ब्राह्मी खुडून आणली. रामकिशन वैद्याचं म्हणणं, ही ब्राह्मी नव्हेच. वाद घालत बसलो असतो तर तोवर अण्णांना दोन्ही ब्राह्मी लागल्या असत्या. रस, वाटलेल्या औषधांचा गोळा म्हणजे कल्क, आणि तूप मंद आचेवर. फेस येतो, बसतो, कडकड वाजतं. कल्काची बोटांत वळी होऊ लागली, ती विस्तवावर टाकली तर चडचडली नाही, म्हणजे पाणी आटलं, घृत सिद्ध झालं. हिरवट काळं, कडू वासाचं. काचेच्या बरणीत भरलं.

१० मार्च, सोमवार

पहिली मात्रा. हे मात्र नीट लिहून ठेवतो.

अण्णा नाकाला धोतराचा सोगा लावून स्वयंपाकघराच्या दारात आले. कोपऱ्यात ते उघडं गाडगं होतं. त्याकडे पाहिलं.

"कोणतं फोडलं?"

वहिनी म्हणाल्या, "तेच."

"कोणी?"

"मीच."

अण्णा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मी घाईनं म्हणालो, अण्णा, हे औषध आहे, चमचाभर, कोमट पाण्याबरोबर. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मग देवळात तीर्थ घेतात तसा उजवा तळवा पुढं केला, वहिनींपुढं. त्यांनीच घातलं. अण्णांनी ते चाटून घेतलं, हात धुतला नाही, आणि ओसरीवर जाऊन बसले.

इतक्या सहज घेतील असं वाटलं नव्हतं.

१४ मार्च

घोळ झालाय. त्या दिवसापासून अण्णांनी बन्सीचं पत्र आलं का, हे विचारलेलं नाही. चार संध्याकाळ. वहिनी दिवा लावून आत वळतात, क्षणभर थांबतात, आणि अण्णा गप्प. म्हणजे होतं तेवढंही गेलं. आता मुलगाही आठवेना. मात्रा जास्त झाली की कमी, ब्राह्मी ती नव्हती की तूप फार जुनं?

घाबरून एक फार सुरेख पत्र लिहिलं. बन्सीला बढती दिली. वहिनींना नेऊन दिलं तर घडी उघडलीही नाही. "या महिन्यात राहू द्या," म्हणाल्या.

२२ मार्च

गेल्या अंकात मी घृताबद्दल चार ओळी छापून आणल्या, त्याची फळं भोगतोय. मुख्याध्यापक राधाकिशन यांना दहावीच्या वर्गासाठी शेरभर हवंय. एका वकिलांना फक्त आपल्या साक्षीदारांवर चालणारं हवं. आणि आज पाणवठ्यावरून परतणारी कोकिळा म्हातारी थांबली, घागर खांद्यावरून न उतरवता म्हणाली, "महाराज, आटवायचं औषद केलाव म्हनं. इसरायचं काय हाय का?"

मी म्हणालो, त्याला औषध कशाला, वय पुरतं. ती हसली नाही. तिचे दोन मुलगे पटकीत गेले, हे मला ती गेल्यावर आठवलं. आणि मी म्हणे स्मृतिघृताचा कर्ता.

३ एप्रिल

विजय. आज अण्णांनी स्वतः विचारलं, "सुनावणी किती तारखेला आहे?"

मी सोळा म्हणालो. "गावातच?" हो. "चावडी बांधली का परत?" नाही, मारुतीच्या पारावर बसणार. मान हलवली. "दगडाबाईला निरोप धाड. येतो म्हणावं."

दगडाबाईचं नाव. नाव! पंचवीस दिवसांत. मी वहिनींना सांगायला धावलो. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मीही येते. बुडायच्या आधी गाव बघून घेते." मी म्हटलं, उन्हातान्हात तुम्ही कशाला. त्या म्हणाल्या, "येते म्हटलं ना, भावजी."

१२ एप्रिल

अण्णा फार शांत. मला थोडी भीती वाटतेय, कशाची ते सांगता येत नाही. त्यांनी आज जुनी पगडी काढून झटकली. पूर्वी मोजणीला निघताना घालायचे ती.

१६ एप्रिल, बुधवार

लिहितो. क्रमानं लिहितो, नाहीतर जमणार नाही.

फाट्यापर्यंत मोटार, पुढं दगडाबाईच्या भाच्याची गाडी. साहेब तरुण, पुण्याकडचे, बोलणं मऊ. पाराच्या समोरच जळक्या चावडीच्या भिंती. बाया एका बाजूला कडुनिंबाखाली बसल्या, वहिनी त्यांच्यात. मी वार्ताहर म्हणून वही घेऊन पाराच्या पायरीवर. दगडाबाईचा पुकारा झाला. तिनं नक्कल दिली. पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, मोडी वाचली, वाचता वाचता अडखळला.

लिंबाजी उठला. लिंबाजी काही राक्षस नाही. हातात आहे ते त्याला सोडवत नाही, एवढंच. त्यानं साहेबांना अदबीनं हात जोडले.

"सायेब, ह्ये कागूद बन्सीधररावानं लिव्हलाय म्हंत्यात. मंग त्यास्नीच आना की. हैदराबादला नोकरीला हायेत. म्हैन्याला पत्र येतंय. त्यांच्या आईसाहेबच सांगत्यात समद्यास्नी. ह्यो मानूस जित्ता असताना बापाला कामून इचारायलाव?"

सगळ्यांच्या माना निंबाकडे वळल्या. वहिनींनी पदर पुढं ओढला.

साहेब म्हणाले, हे बरोबर आहे. लिहिणारा हयात असेल तर त्यालाच यावं लागेल. हयात नसेल तर वडिलांनी अक्षर ओळखलं तरी भागेल. पण यादी आज संध्याकाळी बंद व्हायची आहे, पुढची तारीख त्यांच्या हातात नाही. मग अण्णांकडे वळून विचारलं, "आपला मुलगा हयात आहे?"

पत्रं माझी. खाणावळ माझी, डास माझे, बढती माझी. मी उठून सांगायला हवं होतं की साहेब, हैदराबादेत कोणी नाही, तो मी आहे. मी उठलो नाही. खाली मान घालून लिहीत राहिलो. पान उघडून बघतो तर नुसत्या रेघा आहेत.

दगडाबाईही बोलली नाही. मातीत बोटानं काहीतरी ओढत बसली होती. मला वाटलं, तिला कळलंच नाही की एका शब्दावर तिची जमीन चाललीय.

अण्णांनी पगडी काढून पारावर ठेवली. आणि पटवारी नोंद सांगतो त्या आवाजात, थांबत थांबत, पेशकाराला लिहिता यावं असं बोलू लागले.

"लिहा. बन्सीधर किशनराव. वय बावीस. मयत."

पेशकाराची लेखणी थांबली.

"लिहा तुम्ही. समोरची चावडी पेटवली त्या दिवशी. आम्ही दोघं बाहेर पडलो होतो. मी म्हणालो, दफ्तर राहिलं. तो परत आत गेला. मी धाडला म्हणून गेला." मग नदीकडे हात करून, "अंधार पडल्यावर आश्रुबानं आणि मी त्याला पूर्णेत सोडला. लाकडं मिळण्यासारखी वेळ नव्हती. आश्रुबाच्या बायकोला हे सारं ठाऊक आहे. नवऱ्यानं शपथ घातली म्हणून तिनं दहा वर्षं कोणाला सांगितलं नाही. आज जमीन जात होती, तरी नाही."

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"आता जमिनीचं लिहा. आठ एकर, आश्रुबाच्या हिश्श्याची. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाववाट, दक्षिणेस लिंबाजीचा बांध, त्यावर दोन बाभळी, उत्तरेस देवस्थानची जमीन. वाटणी दोघांच्या राजीखुशीनं. लिंबाजीनं माझ्यासमोर अंगठा दिला. अक्षर बन्सीचं आहे. मी गिरवून घेतलेलं."

लिंबाजी खाली बसला. बाभळींचं ऐकून बसला असावा. त्या कुणी सांगेल असं त्याला वाटलं नव्हतं. साहेबांनी नाव चढवायला सांगितलं.

दगडाबाई अण्णांपाशी आली. "मालक," ती म्हणाली, "म्या कायबी म्हनले नव्हते."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले.

वहिनी निंबाखालून उठल्या. साहेब, पेशकार, अख्खं गाव बघत असताना पारापर्यंत चालत आल्या. नवऱ्याला चारचौघांत हात लावणाऱ्या बायकांतल्या त्या नव्हेत. त्यांनी अण्णांचं कोपर धरलं आणि म्हणाल्या, "चला." डोळे कोरडे होते. पगडी पारावरच राहिली, ती मी उचलली.

मला वाटलं होतं त्या कोसळतील. ज्या गोष्टीपासून आम्ही अण्णांना जपत होतो, ती त्यांनीच वहिनींच्या देखत सांगितली. गाडीत वहिनींनी माझ्या हातून पगडी घेऊन मांडीवर ठेवली.

१७ एप्रिल

साप्ताहिकाला बातमी पाठवायची होती. "एका विधवेस न्याय" असा मथळा लिहिला आणि खोडला.

१८ एप्रिल, शुक्रवार

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आज जवळ बसलो. घृत सुरू ठेवायचं का, असं विचारलं. माझं हे असं.

म्हणाले, "पत्रं कुठं आहेत रे?"

मी म्हणालो, वहिनींच्या पेटीत. मग धीर करून म्हणालो, अण्णा, ती पत्रं.

"व्यंकटा, तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुझं अक्षर ओळखतो. जन्मभर लोकांच्या सह्या बघितल्या मी. पण बरी लिहिलीस. खाणावळीचं विशेष चांगलं."

"मग रोज विचारत का होता?"

"ती 'येईल' म्हणायची," ते म्हणाले. "तिला म्हणता यावं म्हणून. लग्नाचं गाडगं तिनंच फोडलं, मग कशाला विचारू."

आणि माझा चेहरा बघून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "औषध चांगलं होतं हो," म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

तीन वर्षं ते काहीही विसरले नव्हते. आणि मी चमच्यानं मोजून आठवण पाजत होतो. अठ्ठेचाळीस सालचं कोणी काही विचारू नये, एवढ्यासाठी हा माणूस आश्रुबालासुद्धा विसरला. दगडाबाईनं त्या दिवशी "असू द्या, मालक" का म्हटलं तेही आता कळतंय. ती सोडून सगळेच आपापल्या ठिकाणी हुशार होतो.

१९ एप्रिल

ग्रहण. स्नान केलं, काही लिहावंसं वाटत नाही. अण्णा दोन घास जेवले.

२१ एप्रिल, सोमवार. अक्षय्य तृतीया

दर आखितीला आमच्याकडे पितरांसाठी पाण्यानं भरलेल्या दोन घागरी ठेवतात, एक आमच्या वडिलांची, एक आजोबांची. आज पहाटे वहिनींनी पाटावर तीन मांडल्या होत्या. तिसरी नवी, लाल, कुंभाराकडून कालच आणलेली. मला कोणी विचारलं नाही.

अण्णांना धरून आणून बसवलं. बापानं मुलाला पाणी द्यायचे मंत्र शास्त्रात नाहीत असं नाही. पण ते मी कधी पाठ केले नव्हते, पोथी उघडावी लागली. बाकीचं क्रियाकर्म पुढच्या महिन्यात गंगाखेडला गोदावरीवर करू असं ठरलं. आज फक्त संकल्प. नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. मग तिथी. मी अण्णांना विचारलं, कोणत्या तिथीला गेला?

अण्णांचे ओठ हलले. त्या दिवसांत तिथी कोण बघत होतं, म्हणाले. भाद्रपद होता. चांदणं थोडं होतं. बाभळी सांगणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट सांगता येईना. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांची मान हळूहळू खाली गेली.

तिथी माहीत नसेल तर अमावास्या धरतात, मी पोथीवर बोट ठेवून म्हणालो.

"शुद्ध सप्तमी," वहिनी मागून म्हणाल्या.

आम्ही दोघांनीही वळून पाहिलं. त्या दाराशी उभ्या होत्या, हात पदराला पुसत.

"तुम्ही वाशीमला आलात ती दशमी होती. सांगितलंत, तीन दिवस चालतोय. म्हणजे सप्तमी."

अण्णा म्हणाले, "मी तर तुला म्हणालो होतो, तो दुसऱ्या वाटेनं येतोय."

"म्हणालात. पण तीन दिवस उन्हातून चालून आलेला माणूस आधी प्यायला पाणी मागतो. तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिलात, आत पाऊल टाकलं नाही, आणि अंघोळीला मागितलंत." त्यांचा आवाज रोजचाच होता. "मी आणून दिलं. तुम्हाला सांगवत नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही."

मला एकदम दहा वर्षांचे भाद्रपद आठवले. घरात महालक्ष्म्या बसलेल्या, पुरण शिजलेलं, सवाष्णी जेवून गेलेल्या. आणि वहिनी दर वर्षी त्याच एका दिवशी पित्त झालं म्हणून ताटावर न बसता मागच्या पडवीत जाऊन पडायच्या. मी दर वर्षी त्यांना आवळ्याचं चूर्ण द्यायचो. त्या घ्यायच्या.

अण्णा रडले. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता, मांडीवरच्या पळीतलं पाणी हलू लागलं तेव्हा कळलं.

वहिनी येऊन त्यांच्या उजव्या हाताला बसल्या. दर्भ त्यांच्या बोटाला लावला, पळी सरळ केली. मी संकल्प पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. नाव. गोत्र. भाद्रपद मासे, शुक्ल पक्षे, इथंवर आलो आणि मला पुढचा शब्द सुचेना, अकरा वर्षं पाठशाळेत काढलेल्या माणसाला. तो वहिनींनी म्हटला, सप्तम्यां, आणि मी त्यांच्या मागून म्हणालो.

तिसरी घागर जड होती. ती आम्ही तिघांनी मिळून उचलली.